तिसरी पुकार

यंदा उपासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस, लवकर आला. आंब्याचा मोहोर अजून धड उमलला नव्हता आणि आमच्या देवळात वेदीवर जांभळं कापड चढलंसुद्धा. आम्ही इथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो, त्यामुळं नव्या माणसाची जरा गल्लत होते, होऊ दे. भस्माच्या बुधवारी, म्हणजे उपासाच्या पहिल्या दिवशी, तरुण पाळकसाहेबांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला. बाहेर आलो तर रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, मोठ्यानं गाणी लावून. वाऱ्यावर मळीचा तो आंबूस-गोड वास. ही राख आणि हा वास एकत्र आला की मी तिथंच पायरीवर बसकण मारतो. बायको म्हणते, "उपास चाळीस दिवसांचा आणि तुमचा अशक्तपणा पहिल्याच दिवशी!"

अशक्तपणा कसला! धक्का आहे तो. तीस-बत्तीस वर्षांपूर्वीच्या एका उपासकाळात बसला आणि अजून उतरला नाही. गेल्या रविवारी कुणा पोराच्या लग्नाची पुकार वाचली, आणि मी साठीला टेकलेला माणूस बाकाची कड घट्ट धरून बसलो. बायकोनं कोपरानं ढोसलं. हळूच म्हणाली, "कुणी उठत न्हाय. श्वास घ्या."

पुकार म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडं लग्न ठरलं की लग्नाआधी तीन रविवार भर उपासनेत नवरा-नवरीची नावं पुकारायची. अमक्याचा मुलगा अमका, तमक्याची मुलगी तमकी, यांचं लग्न ठरलंय, कुणाला काही हरकत असेल तर आत्ताच सांगावं. मग वाचणारा जरा थांबतो. तेवढ्यात कुणीतरी खोकतं, एखादं पोरगं आईला पाणी मागतं, आणि वाचणारा पुढच्या गीताचा नंबर सांगतो. झालं. शेकडो वर्षं हा प्रश्न विचारतात आणि शेकडो वर्षं त्याचं उत्तर म्हणजे तो खोकला. उपासकाळात लग्नं लागत नाहीत, पण पुकार चालते. म्हणून ईस्टरनंतर ज्यांची लग्नं, त्यांची नावं याच दिवसांत कानावर पडतात.

आणखी एक रीत होती. त्या तीन रविवारी नवरा-नवरीनं देवळात पाऊल टाकायचं नाही. पुस्तकात असं कुठं लिहिलेलं नाही, पण जुन्या बायकांनी घालून दिलेली रीत, ती मोडायची कुणाची छाती? आपलीच पुकार आपण ऐकली तर संसाराला दृष्ट लागते म्हणं. ख्रिस्ती झालो म्हणून दृष्ट लागायची थांबते का?

मी मूळचा कोडोलीचा. आमच्याकडं गोरे मिशनरी आले ते वेगळे, आणि कोल्हापुरात दगडी देऊळ बांधणारे इंग्रज साहेब वेगळे. आमचे पाळक डोळे मिटून, मनाला येईल तशी प्रार्थना करायचे. एकदा सुरू झाले की पाऊसपाणी, उसाचा भाव, आजारी म्हैस, सगळं देवाच्या कानावर घालून मगच आमेन. कोल्हापूरकरांचं मात्र सगळं पुस्तकातून. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, पाप कुठल्या शब्दांत कबूल करायचं, सगळं छापलेलं. पुढं या सगळ्या मंडळ्या कागदावर एक झाल्या, पण सवयी ज्याच्या त्याच्याकडं राहिल्या. माझा बा म्हणायचा, "त्यांस्नी देवाशी बोलायला बी चष्मा लागतोय." आणि आम्ही खी खी हसायचो.

आणि माझं लग्न ठरलं ते नेमकं या चष्मेवाल्यांच्यात. मी तेव्हा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागलो होतो. मुलीचे वडील शाळेत मास्तर आणि दगडी देवळात वाचक. वाचक म्हणजे पाळकांच्या हाताखाली धर्मवचनं वाचणारा, सूचना सांगणारा आणि पुकार पुकारणारा माणूस. आवाज असा खणखणीत की शेवटच्या बाकावर डुलकी लागलेला माणूससुद्धा ताठ बसावा. मुलीचं नाव करुणा, तीही शाळेत शिकवायची. आम्ही सातजण बघायला गेलो. तिनं पोह्यांच्या बशा आणल्या, माझ्या आत्यानं तिला एक स्तोत्र म्हणायला लावलं, तिनं ते न अडखळता म्हटलं. तिच्या बोटाला शाई लागली होती, वह्या तपासता तपासता उठून आली असावी. मला ती शाई फार आवडली. खोटं कशाला बोलू, परत येताना जीपमध्ये मी त्या शाईचाच विचार करत होतो. बा म्हणाला, "मग? करायचं न्हवं?" मी म्हटलं, "करूया की." विषय संपला. तिच्या घरी हे एवढंसुद्धा कुणी तिला विचारलं नव्हतं, हे मला कुठलं ठाऊक!

पहिली पुकार झाली, दुसरी झाली. तिसरीला माझ्या अंगात किडा वळवळला. त्या दगडी देवळात, त्या खणखणीत आवाजात आपलं नाव कसं वाजतं ते एकदा ऐकायचंच. कारखान्यात पाळी आहे असं सांगून घरातून निघालो, मित्राची मोटरसायकल घेतली आणि उपासना सुरू झाल्यावर हळूच आत शिरून पुरुषांच्या बाजूला खांबाच्या आड बसलो. वर उंच लाकडी छत, रंगीत काचांतून जांभळा-लाल उजेड फरशीवर सांडलेला, मेणबत्तीचा आणि जुन्या लाकडाचा वास. आमच्या कोडोलीच्या देवळात असलं काही नव्हतं. मला वाटलं, आयला, आपण लई मोठ्या ठिकाणी पडलो.

मास्तर उभे राहिले. चष्मा लावला. माझं नाव, माझ्या बाचं नाव, आमचं गाव. अंगावर शहारा आला. मग तिचं नाव, आणि "माझी कन्या" म्हणताना त्यांचा आवाज किंचित हलला. "ही तिसरी व शेवटची पुकार. या विवाहास कोणाची काही हरकत असेल, तर त्याने ती आत्ता सांगावी."

आणि ते थांबले. कुणीतरी ठरल्याप्रमाणं खोकलं.

"माझी आहे."

बायकांच्या बाजूनं आवाज आला. शेवटून दुसऱ्या बाकावर, डोक्यावरून पदर घेतलेली एक पोरगी उभी. तिनं पदर मागं सारला आणि मी बघतच राहिलो. करुणा! नवरी स्वतः! जिनं त्या दिवशी देवळात यायचंच नाही, ती आली होती, आणि उभी राहून बापाला उत्तर देत होती.

काय सांगू तुम्हाला! माझ्या कानात नुसता घुं घुं आवाज. आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं, आणि तेवढ्यात शेजारचे म्हातारबा मोठ्यानं म्हणाले, "आँ?" तेव्हा कळलं, की नाही, बरोबरच ऐकलंय. तिची आई पदर धरून तिला खाली ओढत होती. "अगं बस की खाली, बस की!" एक बाई म्हणाली, "देवा देवा देवा." मास्तर हातातला कागद उलटसुलट करून बघत होते. इतकी वर्षं तो प्रश्न त्यांनी विचारला होता. कुणी उत्तर देईल अशी तयारीच नव्हती हो त्या माणसाची.

शेवटी वेदीपाशी बसलेले म्हातारे पाळकसाहेब उठले. शांतपणे म्हणाले, "मुली, हरकत घ्यायची तर कारण सांगावं लागतं."

तिचा आवाज कापत होता, पण ऐकू सगळं येत होतं. "मला कुणी विचारलं नाही. घरात नाही, बघायला आलेल्यांनी नाही. लग्नाबद्दल बाबांनी मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. म्हणून उत्तर द्यायला आले."

पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं, पानं चाळली, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला. आमच्या कोडोलीचे पाळक असते तर त्यांनी तिथल्या तिथं पोरीला सुबुद्धी दे म्हणून डोळे मिटून अर्धा तास प्रार्थना केली असती आणि तिला रडवून खाली बसवलं असतं. यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "हरकत ऐकली. पुकार थांबली. पुढचं गीत." आणि खरंच पुढचं गीत सुरू झालं! मंडळी उभी राहिली, पेटी वाजली, सगळे गायला लागले, कारण पुस्तकात पुकारीनंतर गीतच होतं. मी खांबाला धरून उभा होतो.

ज्या पुस्तकाला आम्ही हसलो, त्या पुस्तकानं त्या दिवशी तिला जागा दिली. हे मला आत्ता सुचतंय, तेव्हा नाही. बापाला जे सुचलं नाही, मला सुचलं नाही, ते कुठल्यातरी साहेबानं शेकडो वर्षांपूर्वी छापून ठेवलं होतं, आणि मास्तर ते दर वेळी इमानेइतबारे वाचत होते. मनापासून केलेल्या प्रार्थनेत आपल्या मनात असतं तेवढंच येतं. आणि आमच्या मनात ती पोरगी काय म्हणेल हा प्रश्नच नव्हता. छापील ओळीत तो होता. हे मी आमच्या कोडोलीकरांना सांगतो तेव्हा ते अजून नाकं मुरडतात.

मी कोडोलीला पोचायच्या आधी बातमी पोचली. बा अंगणात येरझाऱ्या घालत होता. "भर देवळात! भर देवळात न्हाय म्हणली म्हणं! आमचं काय त्वांड काळं हाय?" कारखान्यात तर विचारू नका. रसाचा नमुना टेबलावर ठेवला की कुणीतरी विचारणार, "पावणं, हरकत हाय काय?" चहा पुढं केला की, "बघा, हरकत असंल तर आत्ताच सांगा." सगळे हसायचे, मीही हसायचो, आणि संडासात जाऊन भिंतीवर डोकं टेकून उभा राहायचो. राग कुणाचा येत होता तेच कळत नव्हतं. आधी तिचा आला. मग बाचा. मग पोह्यांची बशी रिकामी करून "करूया की" म्हणणाऱ्या त्या शहाण्याचा.

आठवड्यानं पाळकसाहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हातारा माणूस, घरासमोर कढीलिंबाच्या सावलीत बसला होता. म्हणाले, "तू होतास ना त्या दिवशी? खांबामागं?" माझा चेहराच पडला. "होतो."

"तू तिला विचारलंस?"

"काय इचारायचं साहेब? ठरलंच हुतं की."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "उपासकाळ आहे. ईस्टरपर्यंत लग्न तसंही लागत नाही. तिच्या बापाला मी सांगितलंय, तोवर तिच्यावर कुणी आवाज चढवायचा नाही. तूही जरा स्वतःकडं बघ."

बघितलं. खरंच बघितलं. चहा सोडला, डोकं फुटायची वेळ आली तरी सोडला. पहाटे उठून गुडघ्यावर बसायला लागलो. माझी चूक मला लख्ख दिसली होती. बाईमाणसाला विचारायचं असतं, मी विचारलं नव्हतं. बरं, मग आता विचारीन. जसजसे दिवस जात होते तसतसा मला स्वतःचाच अभिमान वाटायला लागला. पंचक्रोशीत कुठला पुरुष असं स्वतः जाऊन, मान खाली घालून विचारतो? मी विचारणार होतो! उसाच्या सरीत उभा राहून मी ते वाक्य पाठ करायचो. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं बसवलं होतं.

तिच्या घरचं मला नंतर कळलं. मास्तर तिच्याशी बोलत नव्हते. आवाज चढवायला बंदी होती, गप्प राहायला नव्हती. एकाच घरात, ताटाला ताट लावून, बाप-लेक मुक्यानं जेवत होती. देवळात त्यांनी सूचना वाचणंही बंद केलं होतं. ती रोज शाळेत जायची, रोज यायची, आणि बापाच्या तोंडून एक अक्षर निघायची वाट बघायची. उभं राहायला पाच मिनिटं लागली असतील, पण नंतरचे ते दिवस तिनं कसे काढले असतील!

मधेच सांगतो, ही जी मला कोपरानं ढोसते ती बायको मला तीन वर्षांनी भेटली. तिला मी विचारलं होतं. ती म्हणाली, "आठ दिसांनी सांगते." ते आठ दिवस माझं मलाच माहीत. परवा मी तिला म्हटलं, "तू आठ दिवस का लावलेस गं?" तर म्हणते, "तुम्ही खरंच थांबताय का, ते बघितलं."

तर ईस्टरच्या आदल्या शनिवारी मी गेलो. उत्तम शुक्रवारचं, म्हणजे गुड फ्रायडेचं, रडणं झालेलं, उद्याचा आनंद अजून यायचा, असा तो मधला रिकामा दिवस. त्या वर्षी नेमकी त्याच दिवशी जोतिबाच्या डोंगरावर चैत्री यात्रा. आमचा सण आणि ती यात्रा दोन्ही चंद्रावरच चालतात, त्यामुळं पुष्कळदा गाठ पडते. कोडोलीपासून रस्ता नुसता माणसांनी भरलेला, देवाच्या मानाच्या उंच सासनकाठ्या डुलत चाललेल्या, चांगभलंचा गजर, आणि हवेतच गुलाल. मी पांढरा शर्ट घालून निघालो होतो, कोल्हापुरात पोचलो तो गुलाबी होऊन.

देवळात बायका ईस्टरची साफसफाई करत होत्या. दुपार झाली तशा बाकीच्या जेवायला गेल्या होत्या. करुणा एकटी पायरीवर बसून पितळेच्या मेणबत्तीदाण्या चिंचेनं घासत होती. जांभळं कापड काढलेलं, वेदी उघडीबोडकी. मला बघून ती उठली नाही. माझ्या गुलाबी अवताराकडं बघून म्हणाली, "डोंगरावरनं आलात?"

"न्हाय, न्हाय. तुमच्याकडंच आलो." मी दोन पावलं अलीकडं थांबलो आणि पाठ केलेलं सगळं म्हटलं. "तुमची हरकत बरोबर हुती. मी इचारायला पायजे हुतं, इचारलं न्हाई, माझी चूक झाली. आता इचारतो. माझ्याशी लग्न कराल का?"

तिचा हात थांबला. "खरंच विचारताय?"

"व्हय."

तिनं नीट माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. "मग नाही."

मला वाटलं, तिला कळलं नाही. शप्पथ, असंच वाटलं! "अवो, पण मी इचारलं की!"

"म्हणून तर सांगितलं."

"दुसरं कुणी हाय का?"

"दुसरं कुणी असलं तरच नाही म्हणायचं असतं का?"

"मग कारण तरी सांगा."

"कारण पुकारीत सांगावं लागतं. तुम्ही पुकार वाचताय का?" आणि तिच्या ओठावर जरा हसू आलं, लगेच गेलं. "तुम्ही वाईट नाही. विचारलंत, बरं वाटलं. पण मला नाही करायचं हे लग्न."

मागं बादली ठेवल्याचा आवाज झाला. मास्तर दारात उभे. फरशी धुवायला पाणी घेऊन आले होते, आणि सगळं ऐकलं होतं त्यांनी. मी त्यांच्याकडं बघितलं, खोटं कशाला बोलू, मदतीसाठी बघितलं. वाटलं, आता हा बाप म्हणेल, की अगं पोरी, चांगला मुलगा स्वतः चालून आलाय, ऐक. करुणाही त्यांच्याचकडं बघत होती. तिच्या हातातल्या चिंचेचं पाणी मनगटावरून ओघळत होतं.

मास्तर लेकीजवळ गेले. खाली वाकून घासलेली एक दाणी उचलली, उजेडात धरली. म्हणाले, "करुणा, उन्हातनं आलेत पावणं. पाणी दे त्यांस्नी." साधंच वाक्य. पण ते ऐकून ती पोरगी तोंडावर हात घेऊन अशी हुंदके द्यायला लागली की मी पाणी न पिताच बाहेर पडलो.

परतीच्या रस्त्यावर गर्दी तश्शीच होती. कुणीतरी माझ्या कपाळाला गुलाल लावला, कुणी खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला. मी मोटरसायकल ढकलत चालत होतो आणि डोक्यात एकच. असं कसं म्हणाली? मी विचारलं होतं की. इतके दिवस चहा सोडला होता. गुडघे टेकले होते. असं कसं म्हणाली?

घरी बा वाट बघत बसला होता. माझा रंगलेला शर्ट बघून त्याला वाटलं, काम फत्ते. उठून उभाच राहिला. "काय म्हणली?"

"न्हाय म्हणली."

बाचा चेहरा उतरला. खाली बसला. चिडून नव्हे, अगदी खरोखर न कळून म्हणाला, "आरं, मग इचारलास कशाला?"

गुलालानं भरलेला शर्ट काढता काढता मला उमगलं. मी विचारायला गेलोच नव्हतो. मी हो ऐकायला गेलतो.